कान्नोनमाईचा चेहरा

त्या वर्षी मंदिराची किल्ली आमच्या घरी होती.

आमच्या गावच्या मंदिरात भिक्खू राहत नाही. सणासुदीला शेजारच्या गावाहून येतो, मंत्र म्हणतो, जेवतो आणि जातो. बाकी सगळं घरोघरच्या पाळीवर चालतं. ज्याच्या घरी पाळी, त्याने अंगण झाडायचं, पायऱ्यांवरचं बर्फ ओढायचं, रोज पाणी आणि फुलं ठेवायची, आणि वर्ष सरताना करुणेच्या देवीची, कान्नोनमाईची, मूर्ती पुसायची. किल्ली लोखंडी, जड, माशाच्या शेपटीसारख्या दातांची. ती आम्ही पितरांच्या नावांच्या पाट्यांशेजारी ठेवली होती.

मंदिर बिवा तळ्याच्या अगदी काठाला आहे. पाणी चढलं की खालच्या दोन पायऱ्या बुडतात. सकाळी ऊन पाण्यावर पडलं की त्याचा उजेड उलटा वर जातो आणि मंडपाच्या लाकडी छतावर लाटा हलतात. लहानपणापासून बघत आलोय, पण अजूनही दार सरकवलं की मी आधी वर बघतो.

मूर्ती मात्र दिसत नाही. ती काळ्या देव्हाऱ्यात बंद असते. तेहतीस वर्षांनी एकदा त्याची दारं उघडतात, तेवढंच. एरवी कुणी बघायचं नाही. पुसणाऱ्यानेसुद्धा नाही. दिवा विझवून, डोळ्यांवर पट्टी बांधून, ओठांत कागद धरून पुसायचं, म्हणजे नजरही पडत नाही आणि श्वासही लागत नाही. अवेळी जो बघेल त्याचे डोळे जातात, असं आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं आहे. आणि जो पुसून येतो त्याने बोटांना काय लागलं ते कुणाला सांगायचं नाही. बायकोलासुद्धा नाही.

माझी बायको किनू. तिचं माहेर डोंगरापलीकडचं, तिथे तळं नाही. लग्न होऊन आली तेव्हा एवढं पाणी बघून दोन दिवस जेवली नव्हती. मागच्या वेळी देव्हारा उघडला तेव्हा ती चाळिशीत होती, पण घरात माझी आई खमकी होती. आईने रांगेत उभं राहण्याआधी तिला बजावलं, "मान वर करशील तर याद राख." किनूने मान वर केली नाही. रांगेतून आत गेली, वाकली, हात जोडले, बाहेर आली. पुढे कित्येक वर्षं ती सांगायची, "सगळ्या गावाने कान्नोनमाई बघितली. मी नोबुएच्या टाचा बघितल्या. भेगाळलेल्या होत्या."

नोबुए आमची शेजारीण. ती मान वर करून बघणाऱ्यांतली. पण तिचंही काही खरं नाही. मंडप खोल, दिवे मंद, उदबत्तीचा धूर, मागून लोकांचा रेटा. लोकांना दिसतं ते मुकुटाचं सोनं आणि त्यावरची लहान लहान मुखं. खालचा मुख्य चेहरा प्रत्येकाने वेगळा बघितलेला. दरवर्षी मुळे खारवायला बायका जमल्या की हा वाद निघणारच.

"हसते ती," नोबुए म्हणायची. "थोडीशी. गालात."

"रडते," दुसरी कुणीतरी म्हणायची.

"तुझ्याकडे बघून रडली असेल."

मग किनू हळूच माझ्याकडे वळायची. तरुणपणी एकदा आमच्या घराची पाळी आली होती, वडील अंथरुणाला होते, तेव्हा मी पुसलं होतं, हे तिला माहीत होतं. "अहो, एवढं तरी सांगा. हसते की रडते?"

मी मुळ्यांवर मीठ चोळत राहायचो.

असं हसण्यावारी चाललं होतं, तोवर किनूचे डोळे बिघडले. म्हातारपणी सगळ्यांचे बिघडतात तसे नाही. नागाहामा शहरातल्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, डोळ्याच्या मधला भाग झिजत चाललाय. कडा शाबूत राहतील. तिला अंगण दिसायचं, होड्या दिसायच्या, ताटाची कड दिसायची. पण जिथे रोखून बघेल तिथे डाग. ओल्या शाईवर कुणी अंगठा फिरवावा तसा. माणसांचे चेहरे सगळ्यात आधी गेले. माझं नाक बघायचं तर तिला माझ्या कानापलीकडे बघावं लागायचं. नव्या माणसांना वाटायचं, म्हातारी घमेंडखोर आहे, बोलताना तोंडाकडे बघत नाही.

डॉक्टरांनी डोळ्यात सुया टोचल्या. त्याने वेग कमी होतो, गेलेलं परत येत नाही. कडांचंही काही सांगता येत नाही, असं दुसऱ्या वर्षी ते म्हणाले.

गाडीतून घरी येताना किनू बोटांवर वर्षं मोजत होती. मग म्हणाली, "देव्हारा उघडायला अजून चार वर्षं आहेत ना?"

"हो."

"तोवर नाही टिकायचे."

त्यानंतर तिने डोळ्यांबद्दल दुसरं काही मागितलं नाही. सुईत दोरा ओवता येत नाही, की टीव्ही दिसत नाही, की मुलाचा फोटो दिसत नाही, यातलं काही नाही. एकच. तिला कान्नोनमाईचा चेहरा एकदा बघायचा होता. आणि ते ऐकलं की मी जाळी घेऊन बाहेर जायचो, त्याचं कारण पुढे सांगतो.

शरद ऋतूत जाळं ओढताना मी होडीत घसरलो आणि उजवा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. मूर्ती पुसायची तर हात वर जायला हवा. मुलगा मालवाहू जहाजावर, वसंतापर्यंत येणार नव्हता. घरात आम्ही दोघंच. म्हणून थंडी पडल्यावर गावची बैठक मंदिरालगतच्या खोलीत भरली. शेगडी मध्ये, चहा, संत्री. हाचिया गावचा प्रमुख. जन्मभर छपरांवर कौलं बसवलेला माणूस, बोलतोही तसाच, वरून.

"तोकुजीदादा, तुमचा हात काही वर जात नाही," तो म्हणाला. "पुढच्या घराला देऊ किल्ली. त्यात कमीपणा नाही."

"घर माझं आहे," किनू म्हणाली. ती दाराशी चहा भरत होती. "मी पुसेन."

खोलीतली संत्री सोलायची थांबली.

"वहिनी, आजवर बाईने पुसलेली नाही," हाचिया म्हणाला.

"बाईने पुसायची नाही असं कुणी म्हटलंय?"

"म्हटलं नाही. पण कुणी पुसलीही नाही."

"तुम्ही हाताशी येईपर्यंत तुमच्या घराच्या कौलांवर तुमची आईच चढायची. तेही कुणी म्हटलं नव्हतं."

दोघंतिघं हसले. हाचियाही हसला, पण लगेच आवरून म्हणाला, "तुमचे डोळे..."

"डोळे बांधूनच पुसायचं आहे ना? मग तुमची अडचण काय? उलट एक पट्टी वाचेल."

"तिथेच अडचण आहे," हाचिया म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "तुम्हाला बघायचंय, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पट्टी बांधाल. पण सोडायची की नाही हे तिथे आत फक्त तुम्हाला माहीत."

किनूने त्याच्या कपात चहा ओतला, कडेकडून बघत, एक थेंब न सांडता. हाचिया त्या कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तोकुजीदादा बरोबर आत बसतील. त्यांचेही डोळे बांधलेले. मी देव्हाऱ्यापुढच्या लाकडी जाळीबाहेर पाठ करून बसेन. आणखी कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाला नव्हतं.

घरी येऊन तिने ओली छत्री उभी केली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मी पट्टी सोडणार आहे. तुम्हाला अंधारात ठेवायचं नाही, म्हणून सांगते."

"किनू."

"डोळे जातात म्हणतात. माझे तसेही जातायत. डॉक्टरकडे गेले काय, तिच्याकडे गेले काय. तिने घेतले तर निदान कुणीतरी घेतले असं होईल."

नियमाची भीती मलाही होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती, आणि ती मी सांगू शकत नव्हतो.

तरुणपणी मी मूर्ती पुसली तेव्हा पायांपासून सुरुवात केली. वस्त्राच्या चुण्या हाताला लागल्या, इतक्या बारीक की लाकूड आहे हे पटेना. कमळाचा देठ धरलेला हात लागला. एकेक बोट वेगळं, नखांसकट. मी वर गेलो. गळ्यावरच्या वळ्या. हनुवटी. आणि मग काही नाही. नाक नाही, डोळ्यांच्या खाचा नाहीत, ओठ नाहीत. गुळगुळीत. तळ्यातला दगड असतो तसं. मी घाबरून दोनदा हात फिरवला. वाटलं, माझीच बोटं मेली. मग वाटलं, मी काहीतरी पुसून टाकलं.

जुन्या लढायांच्या काळात सैन्याने मंदिर जाळलं, तेव्हा गावातल्या लोकांनी मूर्ती उचलून तळ्याच्या गाळात पुरली, आणि ती कित्येक वर्षं तिथे होती. ते त्या गाळाने केलं असेल. की त्यानंतर दरवर्षी पुसणाऱ्या हातांनी? कुणाला विचारायची सोय नव्हती. वडिलांच्या अंथरुणाशी जाऊन बसलो, तर त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि फक्त मान हलवली. तेव्हा कळलं की त्यांनाही माहीत आहे. म्हणजे ज्यांनी ज्यांनी पुसलंय त्या सगळ्यांना माहीत आहे, आणि ते सगळे गप्प आहेत.

आता किनू तो चेहरा बघायला निघाली होती. डोळ्यांत उरलेला शेवटचा उजेड तिने त्यासाठी राखून ठेवला होता. आणि तिथे चेहराच नव्हता.

पुसायच्या दिवशी सकाळी बर्फ पडून थांबलं होतं. तळं शिशासारखं करडं, पलीकडचा काठ नाही, डोंगर नाहीत, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं तेही नाही. आम्ही दोघं गार पाण्याने अंघोळ करून निघालो. तिने माझा डावा हात धरला होता. पायऱ्यांशी मी थांबलो.

"किनू, आत जायच्या आधी एक ऐक."

"सांगू नका," ती म्हणाली.

"तुला काय माहीत मी काय..."

"एवढी वर्षं विचारलं तेव्हा नाही सांगितलंत. मीठ चोळत बसलात. आता पायऱ्यांवर कशाला? चला, हाचिया गारठला असेल."

हाचिया खरंच गारठला होता. त्याने आम्हाला वाकून नमस्कार केला, कधी नव्हे इतका खाली, आणि जाळीबाहेर चटईवर पाठ करून बसला. आम्ही आत गेलो. मी दिवा विझवला. तळ्याच्या बाजूच्या भिंतीत एक लहान झडप आहे, ती बंद करायची असते. बाहेर बर्फ असल्यामुळे तिच्यातून पांढरा उजेड येत होता, थेट देव्हाऱ्यावर. मी झडपेला हात लावला. किनू माझ्या हाताच्या आवाजाकडे कान देऊन उभी होती.

मी झडप लावली नाही.

हे बरोबर की चूक ते मी ठरवलं नाही. एवढंच वाटलं, की मी जे तिला देऊ शकत नाही ते नाकारणाराही मी होऊ नये.

मी किल्ली फिरवली. दारं उघडताना त्यांनी मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि आतून वास आला, जुन्या लाकडाचा, कापराचा, आणि त्याच्याखाली अगदी पुसट, गाळाचा. आम्ही पट्ट्या बांधल्या. ओठांत कागद धरले. आता बोलणं संपलं. बाहेर हाचियाने मंत्र सुरू केला.

मी खाली बसून तिला एकेक मऊ फडकं देत होतो. पट्टीआड काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. फडकं चुण्यांवरून जातं तो आवाज. मग थांबतं, मग परत. तिला घाई नव्हती. तांदूळ धुते तशी ती पुसत होती. पाय झाले. वस्त्र झालं. कमळाच्या हातापाशी ती बराच वेळ होती. एकेक बोट पुसलं असणार. मग तिने पायाने लहान पायरी चाचपली आणि वर चढली. मी नवीन फडकं वर केलं, ते तिने घेतलं नाही.

तिने नुसता हात वर नेला असणार.

हाचियाचा मंत्र चालू होता. पायऱ्यांना पाणी लागत होतं. किनूचा श्वास ऐकू येईना. मी वाट बघत होतो, आता गाठ सोडल्याचा आवाज येईल. आता कापड सरकेल. आता ती खाली बसेल, कोसळेल, ओठांतला कागद टाकून मला विचारेल की हे माहीत असून तुम्ही मला इथे आणलंत. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसलो होतो आणि माझं सगळं अंग कान झालं होतं.

मग तिचा श्वास परत आला. कागद थरथरला. तिचा हात खाली आला, माझा डावा हात शोधला, धरला, आणि मला वर ओढलं. मी उठलो. तिने माझी बोटं उघडून तळवा तिथे नेऊन ठेवला.

तरुणपणी मी बोटांनी शोधलं होतं. नाक कुठे, डोळा कुठे. जे नाही तेच चाचपत होतो. आता तळवा पसरून होता, आणि तळव्याला कळलं की चेहरा सपाट नाहीये. गालाच्या जागी एक उथळ खळगा होता. माझा तळवा त्यात बसला. अंगठा कुठे जायचा तिथे अंगठ्याला जागा होती. इतका नीट बसला, की मी घाबरून काढून घेणार होतो. पण किनूने वरून हात दाबून धरला होता.

माझ्या वडिलांचा हात इथे असाच बसला असेल. त्यांच्या वडिलांचा. ज्यांची नावं पाट्यांवरून उडून गेली त्यांचा. हाचियाचा. त्याच्या बापाचा. गाळातून काढून ज्याने पहिल्यांदा पुसली त्याचा. कुणीही तिचं काही बिघडवलं नव्हतं. ते सगळे तिच्या गालावर हात ठेवून गेले होते, वर्षातून एकदा, अंधारात, आजारी माणसाच्या गालावर ठेवतात तसा, आणि तिने तो ठेवून घेतला होता. एवढ्या मोठ्या तळ्याच्या काठी जन्म गेला, वादळात सापडलो, बुडता बुडता वाचलो, पण इतका लहान मी कधी झालो नव्हतो. आणि त्याची भीती वाटली नाही.

हात काढताना तो किनूच्या तोंडाला लागला. पट्टी होती तिथेच होती. गच्च बांधलेली. आणि पार भिजलेली.

तिने माझ्याकडून फडकं घेतलं आणि राहिलेलं पुसलं, मुकुट, वरची लहान मुखं, एकेक. मग खाली उतरली. दारं तिनेच लावली. किल्ली मी फिरवली.

पट्ट्या सोडून बाहेर आलो तेव्हा हाचिया उभा होता. त्याने किनूकडे बघितलं. काही विचारलं नाही, विचारायचं नसतंच. पण त्याची नजर मी ओळखली, वडिलांनी अंथरुणातून माझ्याकडे बघितलं होतं तीच. मग त्याने शेगडीवरचा चहा कपात ओतला. पुसून आलेल्याला पहिला कप द्यायचा असतो. त्याने तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"सावकाश, वहिनी. गरम आहे."

"मंत्र दोनदा चुकलात," किनू म्हणाली.

"थंडी होती हो."

आम्ही निघालो. पायऱ्यांवर ती थांबली. बर्फाचा उजेड सगळीकडून येत होता, खालून पाण्यातून, वरून आभाळातून. तिने वळून माझ्याकडे बघितलं. कानापलीकडे नाही. सरळ, समोर, जिथे तिला फक्त डाग दिसतो तिथे.

"अगं, कडेने बघ," मी म्हणालो. "असं नाही दिसायचं."

तिने हात वर केला आणि माझ्या गालावर ठेवला. तो अजून गार होता आणि त्याला कापराचा वास होता. ती तशीच बघत राहिली, न चुकवता, आणि मी हललो नाही. खाली पाणी पायरीला लागून परत जात होतं.

"बघू द्या की," ती म्हणाली.